‘ट्रंबो’ बघितलास, आता थोडं ऐक

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला. त्या वेळी आपल्या धंद्यातला माणूस एकतर उद्याचा एपिसोड लिहीत असतो, नाहीतर राजीनामा. तू राजीनामा लिहिलायस आणि सोबत ‘ट्रंबो’ चित्रपटाचं पोस्टर जोडलंयस, म्हणजे स्फूर्ती कुठून आली हे मला विचारावं लागू नये. अजून पाठवला नसशील तर रविवारपर्यंत थांब.

मला कळलं ते असं. फेसबुकवर तू काहीतरी लिहिलंस, ते वर कुणालातरी खटकलं आणि मग फोन आला: लिखाण चालू राहू दे, टायटल्सना नाव मात्र दुसरीचं जाईल. लेखी काही नाही. त्याच आठवड्यात तू हा चित्रपट बघितलास आणि तुला वाटलं, ही तर माझीच गोष्ट.

तुझी नाही गं. ते आधी डोक्यातून काढ. डाल्टन ट्रंबो हा हॉलिवुडचा पटकथाकार. त्याला ऑक्टोबर १९४७ मध्ये वॉशिंग्टनला, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभं केलं होतं. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होता का, एवढाच प्रश्न. तो होता, १९४३ पासून. पण असं विचारायचा तुम्हाला अधिकारच नाही, अशी त्याची आणि त्याच्यासारख्याच हॉलिवुडातल्या बाकी नऊ जणांची भूमिका होती. समितीच्या अवमानाचा खटला झाला, वर्षाची शिक्षा झाली. स्टुडिओवाल्यांनी तर खटल्याचीही वाट पाहिली नाही. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात बैठक घेऊन जाहीर करून टाकलं की या दहांना काम मिळणार नाही. तीच ती काळी यादी. तुझ्यामागे एक ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, लागलाय, तोही घाबरलेला. फरक आहे.

एक बारकावा तुझ्याकडून निसटला असेल. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला नकार देण्याची सोय अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत आहे. तिचा आडोसा घेतला असता तर बहुधा तुरुंग टळला असता. हे लोक पहिल्या दुरुस्तीवर, म्हणजे मतस्वातंत्र्यावर उभे राहिले. सर्वोच्च न्यायालय आपल्या बाजूने उभं राहील असा त्यांचा हिशेब होता आणि तो वेडगळ नव्हता. पण १९४९ साली दोन उदारमतवादी न्यायमूर्ती काही आठवड्यांच्या अंतराने वारले, आणि १९५० मध्ये न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. ट्रंबो केंटकीतल्या अ‍ॅशलंडच्या तुरुंगात गेला आणि दहाएक महिने राहिला.

तुरुंगात त्याला समितीचा माजी अध्यक्ष पार्नेल थॉमस भेटतो, तो सीन तुला फार आवडलाय. तो खरा नाही. थॉमस पगाराच्या घोटाळ्यात तुरुंगात गेला हे खरं, पण कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला. तिथे त्या दहांपैकी लेस्टर कोल आणि रिंग लार्डनर ज्युनियर त्याचे सहकैदी होते. पटकथाकार जॉन मॅकनमाराने ती भेट उचलून आपल्या नायकाला दिली. मीही तेच केलं असतं. आर्लेन हर्ड नावाचा तो खोकणारा, कडवा लेखकमित्रही कुणी एक माणूस नाही, चार-पाच जणांचं जोडकाम आहे. आणि चित्रपटातलं सगळ्यात झोंबणारं बोलणं नेमकं त्याच्याच तोंडी आहे: तू बोलतोस क्रांतिकारकासारखं आणि राहतोस श्रीमंतासारखा. ट्रंबो निरुत्तर होत नाही, पण दुखावतो. ते खरं वाटतं, कारण खऱ्या ट्रंबोचं तळ्याकाठी रँच होतं आणि तो हॉलिवुडातल्या सगळ्यात महागड्या लेखकांपैकी एक होता. एमजीएम स्टुडिओकडे त्याला एका पटकथेचे पंचाहत्तर हजार डॉलर मिळत.

आता आकडा ऐक. काळ्या यादीत गेल्यावर ‘गन क्रेझी’ या चित्रपटासाठी किंग ब्रदर्स या निर्मात्यांनी त्याला दिले ३,७५० डॉलर, तेही हप्त्याहप्त्याने. काळी यादी म्हटली की आपण विचार, लढा, हौतात्म्य वगैरे बोलतो. मला तो बाजार दिसतो. माणूस तोच, टाइपरायटर तोच, भाव मात्र वीस पटींनी खाली. बड्या स्टुडिओंनी ज्याला दारातून हाकललं त्याला मागच्या दाराने स्वस्तात घेणारे हजर होते. पण त्या भावांपैकी फ्रँक किंगला मी हसत नाही. चित्रपटात त्याचं काम करणारा जॉन गुडमन बेसबॉलची बॅट घेऊन धमकी देणाऱ्याच्या अंगावर धावतो. त्या माणसाला तत्त्वाशी काडीचं देणंघेणं नाही, त्याला वेळेवर पटकथा हवी आहे. अडीनडीला असाच माणूस उपयोगी पडतो. तुझे तत्त्ववाले मित्र तुला लाइक देतील, एपिसोड देणार नाहीत.

तुझा खरा प्रश्न: दुसऱ्या नावाने लिहू का? लिही. ट्रंबोने लिहिलं. लॉस एंजेलिसच्या बेकरीत आठेक वर्षं रात्रपाळी करताना दिवसा लिहून साभार परत आलेली पानं त्याने साठवली होती, त्यामुळे नाव नसताना लिहायची त्याला सवयच होती म्हण. पण तो नुसता गप्प बसून लिहीत राहिला नाही, आणि इथे चित्रपट जरा घाईत पुढे सरकतो. मार्च १९५७ मध्ये ‘द ब्रेव्ह वन’च्या कथेला ऑस्कर जाहीर झालं, लेखक रॉबर्ट रिच. व्यासपीठावर कुणी आलंच नाही. लेखक संघटनेच्या जेसी लास्की ज्युनियरने ती बाहुली घेतली. रॉबर्ट रिच हे निर्मात्यांच्या भाच्याचं नाव होतं. पत्रकार ट्रंबोच्या मागे लागले, तर तो हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. दुसऱ्या चित्रपटांबद्दल विचारलं तरी तेच. गावातली कुठलीही बरी पटकथा त्याची असू शकते, असा संशय त्याने पसरू दिला. यादीवर लोक हसायला लागले, आणि हसू झालेल्या यादीचा धाक किती दिवस राहणार? जानेवारी १९६० मध्ये दिग्दर्शक ओटो प्रेमिंजरने ‘एक्सोडस’साठी त्याचं नाव जाहीर केलं, त्याच वर्षी ‘स्पार्टाकस’च्या पडद्यावरही ते झळकलं. ‘स्पार्टाकस’चा नायक आणि निर्माता कर्क डग्लस याचं श्रेय मी नाकारत नाही, पण दार उघडलं तेव्हा बिजागरी आधीच गंजली होती.

तेव्हा नाव सोड, कागद सोडू नकोस. प्रत्येक ड्राफ्ट ईमेलनेच पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. फोनवर ठरलं की लगेच, ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून चार ओळींचा मेल टाक. स्वतःच्या गोष्टी अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेव. पैसे कमी करत असतील तर तिथे मात्र भांड. नाव काढलंत, भाव काढू देणार नाही, म्हण. मी हे केलं नाही. तरुणपणी एका मालिकेचे दीड वर्षाचे एपिसोड मी लिहिले, नाव दुसऱ्याचं. गावी आईला सांगितलं होतं की टायटल्स फार पटापट जातात. तिने खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढली, चष्मा पुसला आणि मालिका संपेपर्यंत रोज बघितलं. माझ्याकडे त्या लिखाणाचा एक कपटाही नाही.

आणि जिचं नाव जाणार आहे तिच्याशी बोल. तिच्यावर चिडली आहेस असं दिसतंय. ‘रोमन हॉलिडे’ ट्रंबोने लिहिला, नाव दिलं त्याचा लेखकमित्र इयन मॅकलेलन हंटरने, मैत्रीखातर. त्यासाठी ऑस्करही हंटरलाच मिळालं, आणि पुढे तोही त्याच यादीत गेला. ट्रंबोच्या नावाची बाहुली १९९३ साली त्याची बायको क्लिओ हिच्या हातात आली. तो १९७६ मध्येच वारला होता. पटकथेचं श्रेय लेखक संघटनेने पुन्हा दिलं ते २०११ मध्ये.

तो संत नव्हता हेही लक्षात ठेव. कम्युनिस्ट पक्ष स्टालिनच्या मागे कसा फरफटत गेला यावर चित्रपट जवळजवळ मूग गिळून बसतो. आणि एक गोष्ट तर त्यात नाहीच. युद्धाच्या काळात त्याच्या ‘जॉनी गॉट हिज गन’ या युद्धविरोधी कादंबरीच्या प्रती मागणारी पत्रं त्याला आली, त्यात नाझींबद्दल सहानुभूती असलेल्यांचीही होती. ट्रंबोने ती पत्रं स्वतःहून एफबीआयला दिली. दोन अधिकारी घरी आले आणि त्याच्या ध्यानात आलं की त्यांना पत्रांत नाही, त्याच्यातच रस आहे. ते शहाणपणाचं नव्हतं, हे त्याने नंतर स्वतःच लिहिलं. समितीपुढे सहकाऱ्यांची नावं सांगणाऱ्यांवर तू पोस्ट लिहिशील तेव्हा हे विसरू नकोस.

आता टब. तो बाथटबमध्ये बसून लिहायचा हे खरंच आहे. चित्रपटात समोर आडवी फळी, पानं, कात्री, चिकटपट्टी, ग्लास, सिगारेट. टाइप केलेल्या पानाची पट्टी कापतो, दुसऱ्या सीनच्या वर लावून बघतो, काढतो, खाली चिकटवतो. मी तेवढाच भाग तीनदा बघितला. मोठी मुलगी निकी दार वाजवते, वाढदिवस आहे, केक कापायचाय, आणि हा आतून ओरडतो. घरात सगळे त्याचे हमाल झालेत, मुलं पाकिटं पोचवतात, खोट्या नावाने फोन घेतात. तुझी आई सकाळी मला फोनवर म्हणाली, ‘सरळ जेवत नाही हो ती, काही बोलायला जावं तर अंगावर येते.’ मी तिला काही बोललो नाही. तुला सांगतोय.

रविवारी दहाला ये. तेराव्या एपिसोडमधला सासूचा सीन चुकीच्या जागी आहे, तो देवघराच्या सीनच्या आधी यायला हवा असं मला वाटतं. प्रिंट काढून आण, लॅपटॉप नको. कात्री माझ्याकडे आहे.

तुझा,
काका