कॅडमध्ये (संगणकावरच्या 3D मॉडेलिंगमध्ये) माउसचं कवच करताय? अर्धंच काढा

दोन्ही हातांना चालणारा माउस आहे ना? मग पूर्ण काढायच्या फंदात पडू नका. एकच बाजू काढा, मधल्या प्लेनवर (माउसचे दोन सारखे भाग करणाऱ्या सपाट पातळीवर) मिरर करा, म्हणजे दुसरी बाजू आरशासारखी उलटून मिळते. (बाटली असती तर नुसतं रिव्हॉल्व्ह, म्हणजे बाह्यरेषा अक्षाभोवती फिरवणं, पुरलं असतं.)

नवख्यांचं घोडं अडतं ते सांध्यावर. मिरर केल्यावर पाठीवर बारीक कणा उठतो, कारण स्प्लाइन (पॉइंटांमधून जाणारी वळणदार रेषा) मधल्या प्लेनला तिरकी येऊन भिडलेली असते. तिच्या टोकाचं हँडल (रेषेची दिशा ठरवणारी दांडी) प्लेनला काटकोनात ठेवा, कणा जातो. झेब्रा पट्टे (पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे ते दाखवणारे काळे-पांढरे पट्टे) लावून खात्री करा. सांध्यावर पट्टा तुटता कामा नये.

आणखी दोन गोष्टी:
- स्प्लाइनला तीन-चारच पॉइंट द्या. दहा-बारा दिलेत की पृष्ठभागाला पोक येतात.
- फिलेट (कडा गोल करणं) आणि शेल (आतून पोकळ करणं) मिररनंतरच.

लॉफ्टचे (दोन आकारांमध्ये पृष्ठभाग ताणणाऱ्या कमांडचे) गाइड कर्व्ह वगैरे तूर्त राहू द्या. आधी हा अर्धा भाग जमवा, बिनधास्त करा.