अकरा वाजल्यापासून उठेपर्यंत

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू दांडिया बाजारात आमच्या घरी आलीस. काकूने पुढे ठेवलेली सेव-उसळ तशीच निवू दिलीस आणि म्हणालीस, “काका, मी राज्यशास्त्र सोडतेय. दिल्लीला संसद बघून आले. तिथे काही कामकाजच होत नाही.” मी गप्प राहिलो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला पटलं. पटलं नव्हतं. तुझं ते शेवटचं वाक्य मी फार वर्षांपूर्वी स्वतः एका माणसाला ऐकवलं होतं आणि ते खोटं होतं. ती गोष्ट काकूसमोर सांगवली नसती, म्हणून हे पत्र.

तू हुशार आहेस, धीर सोडू नकोस, असलं काही मी लिहिणार नाही. देशाचं बरं व्हावं असं तुला वाटतं, हे तुझ्या चिडण्यातच दिसलं. मला एवढंच विचारायचंय, की तू पाहिलंस काय?

तूच सांगितलंस. तासाभराचा पास. तपासणी झाली, मोबाईल जमा केला, गॅलरीत नेऊन बसवलं. अकराला अध्यक्ष आले, सगळे उभे राहिले. पहिला प्रश्न पुकारला आणि फलक घेतलेले सदस्य अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरले. आठव्या मिनिटाला कामकाज बारापर्यंत तहकूब. तुम्हाला बाहेर आणलं आणि दुपारी तुम्ही लाल किल्ला पाहिलात. म्हणजे आठ मिनिटं पाहिलीस, पोरी! बारा वाजता काय झालं? दोन वाजता? संध्याकाळी सभागृह उठताना कोणतं काम चालू होतं? त्या दिवसाची कार्यसूची तरी हातात घेतली होतीस का?

दिवस पुरा बघायचा असतो. अकरा वाजल्यापासून उठेपर्यंत. आयुष्यात मला पक्की कळलेली ही एकच गोष्ट आहे आणि ती मी तुला ह्या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. तोंडी उत्तरांच्या यादीत 20 तारांकित प्रश्न असतात आणि मूळ प्रश्नाचं उत्तर छापूनच आलेलं असतं. खरी पकड असते ती उपप्रश्नात, मंत्री समोर उभे असताना. तो तास गोंधळात गेला की मंत्री सुटले, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. ह्या तासाची किंमत तो नसला की कळते. 1975 साली आणीबाणीत तो गुंडाळून ठेवला होता. 2020 च्या सप्टेंबरमध्ये करोनाच्या काळातल्या अधिवेशनातही तो नव्हता. आणि तो असला की काय होतं, तेही ऐक. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा ह्यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर का घेतले, हा प्रश्न 1957 साली लोकसभेत निघाला. सरकारचं उत्तर कुणाला पटेना. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच, त्यातून पंतप्रधानांचे जावई, पण त्यांनी धागा सोडला नाही. डिसेंबरात चर्चा झाली, मग न्यायमूर्ती छागलांचा आयोग बसला आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. एवढ्या सगळ्याची सुरुवात यादीतल्या एका प्रश्नाने झाली होती.

पण तुझा दिवस तर अकरा वाजून आठ मिनिटांनी संपला! बारा वाजता सभागृह पुन्हा भरलं, की कागदपत्रं पटलावर, म्हणजे रीतसर सभागृहापुढे, ठेवतात. मंत्री उठतात, ‘माझ्या नावासमोरचे कागद पटलावर ठेवतो’ एवढंच म्हणतात आणि बसतात. गॅलरीतल्या माणसाला तिथे जांभई येते, मलाही पहिली दोन वर्षं यायची. पण त्या कागदांत सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल असतात. कायद्याखाली मंत्रालयांनी परस्पर केलेले नियम असतात. ते नियम दोन्ही सभागृहांपुढे 30 दिवस ठेवावे लागतात आणि ठरलेल्या मुदतीत कोणताही सदस्य त्यांत बदल सुचवू शकतो, रद्द करायचा प्रस्ताव आणू शकतो. तुझ्या वडिलांच्या दुकानाला, तुझ्या आजीच्या पेन्शनला लागू होणारा नियम असाच पटलावर येतो आणि सगळे हौद्याकडे बघत असताना त्याची मुदत निघून जाते.

पुढे शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळ, मग नियम 377 खाली सदस्य मांडतात ते इतर विषय, विधेयकं. शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या, सदस्यांचे. तिथे बाकं रिकामी असतात म्हणून लोक नाक मुरडतात. बॅरिस्टर नाथ पै ह्यांनी 1967 साली घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं ते खासगी सदस्य म्हणूनच. मूलभूत हक्कांच्या भागातही बदल करायचा अधिकार संसदेला आहे, असं ते म्हणत होते. त्यांचं विधेयक मंजूर झालं नाही आणि 1971 च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली, तीत मुद्दा तोच होता.

तू गोंधळावर चिडलीस. चीड, पण नेमकं कशावर चिडायचं ते तरी ठरव. गोंधळात कामकाज होत नाही, असं तू म्हणतेस. मी म्हणतो, गोंधळात कामकाज होतं हीच भीती आहे. 2004-05, 2013-14 आणि 2018-19 ह्या तिन्ही वर्षी लोकसभेने सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. सरकारं वेगवेगळी होती, हे ध्यानात घे. सगळ्या देशाचा वर्षाचा खर्च, आवाजी मतदान, ‘बहुमत होकाराच्या बाजूने’, झालं. त्या दिवशी अकरा वाजून आठ मिनिटांनी उठून लाल किल्ल्याला गेलेला माणूस घरी येऊन सांगणार, की काही झालंच नाही.

तू बडोदा विद्यापीठाच्या ज्या ग्रंथालयात अभ्यासाला बसतेस ते हंसाबेन मेहतांच्या नावाचं आहे. 14 ऑगस्ट 1947 च्या रात्रीचं नेहरूंचं भाषण तुला पाठ असेल. त्या रात्रीच्या कामकाजात भाषणानंतर प्रतिज्ञा होती आणि त्याच्याही पुढे भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेला अर्पण करण्याचं काम होतं. ते हंसाबेननी केलं. पुढे त्याच आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. नेहरू बोलून खाली बसल्यावर जो उठून गेला, त्याला त्या दिसल्याच नाहीत.

आता ती गोष्ट.

ऐंशीच्या दशकात मी दिल्लीत एका खासदारांचा सहायक होतो. ते आपल्या भागातले नव्हते. त्यांचं नाव सांगणार नाही, कारण चूक माझी होती. तेव्हा आपल्या शहरातली एक गिरणी बंद पडली होती. कामगारांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जायचा, पण तो पुढे भरलाच गेला नव्हता. त्यांतले एक जण, वयाने माझ्या वडिलांएवढे, मी सुटीला आलो की सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या ओट्यावर येऊन बसत. मी त्यांना शब्द दिला. खासदारांची मनधरणी केली, प्रश्न तयार केला. ठरलेल्या मुदतीत आधी सूचना द्यायची, मग चिठ्ठीत नंबर लागायला हवा. तीन अधिवेशनं लागला नाही. चौथ्यात लागला. तारांकित, यादीत नववा.

तोंडी उत्तरं पाच-सहा प्रश्नांच्या पुढे जात नाहीत, हे तिथल्या शिपायालाही माहीत होतं. त्या सकाळी खासदारांना एका कार्यक्रमाचं बोलावणं होतं. मी म्हणालो, “साहेब, खुशाल जा, आज आपला नंबर येत नाही. लेखी उत्तर मिळेलच.” माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने हाच हिशेब केला असता, हे मी आजही म्हणेन. मी आळस केला नव्हता. त्या प्रश्नामागे मी दीड वर्ष होतो, माझ्या थोरल्याच्या मुंजीलासुद्धा आदल्या रात्री पोचलो होतो, ते तुझी काकू अजून विसरलेली नाही.

मी गॅलरीत बसलो होतो. त्या दिवशी पहिल्या आठांतले तिघे गैरहजर निघाले, दोन प्रश्न चटकन आटोपले. बाराला दहा मिनिटं असताना अध्यक्षांनी आमच्या खासदारांचं नाव घेतलं. पुन्हा एकदा घेतलं. मग दहावा प्रश्न. गॅलरीतून बोलता येत नाही, हातही वर करता येत नाही. समोरच्या बाकावर मंत्री फाईल उघडून तयार होते, त्यांनी ती मिटली, तेवढं मला दिसलं.

(पुढे 30 नोव्हेंबर 2009 ला लोकसभेत यादीतले इतके सदस्य गैरहजर निघाले, की प्रश्नोत्तराचा तासच कोसळला. पेपरात ते वाचून मी दिवसभर जेवलो नव्हतो.)

सुटीला घरी आलो तर ते गृहस्थ ओट्यावर होते. त्यांनी विचारलं, “साहेब, आपला प्रश्न आला?” मी म्हणालो, “नाही हो. गोंधळ झाला. त्या दिवशी काही कामकाजच झालं नाही.”

त्यांनी मान हलवली. दिल्लीतल्या लोकांबद्दल त्यांना हेच अपेक्षित असावं. पिशवीला गाठ मारली आणि गेले. ते वारले तेव्हा मी दिल्लीत होतो. खरं काय ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही, त्यांच्या मुलांनाही नाही. तू परवा तेच शब्द बोललीस तेव्हा मी का गप्प बसलो, ते आता तुला कळेल.

आणि खरी चूक तर पुढेच आहे. लेखी उत्तर आलं होतं. शरमेने मी ते तेव्हा नीट वाचलंही नाही, काही महिन्यांनी वाचलं. शेवटची ओळ होती, ‘माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.’ मला वाटायचं, ही टोलवाटोलवीची भाषा. ती तशी नाही. ह्या ओळीला तिथे आश्वासन म्हणतात. मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याच्यावर नजर ठेवायला लोकसभेची शासकीय आश्वासन समिती आहे, 1953 पासून. तेव्हा अध्यक्ष होते दादासाहेब मावळंकर, 1888 साली ह्याच बडोद्यात जन्मलेले. 1946 मध्ये मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदी ते 66 विरुद्ध 63 अशा मतांनी निवडून आले होते. सरकार ऊठसूट वटहुकूम काढतं, हे लोकशाहीला बरं नाही, असं त्यांनी नेहरूंना 1950 साली लिहिलं, 1954 मध्ये पुन्हा लिहिलं. आपल्या गावात जन्मलेला माणूस मंत्र्याचा शब्द वाऱ्यावर जाऊ नये म्हणून व्यवस्था करून गेला होता, आणि ह्या गावचा मी खासदारांकरवी त्या समितीकडे साधं एक पत्र धाडलं नाही. उपप्रश्न हुकला तो नशिबाने, असं मी स्वतःला समजावू शकतो. हे पत्र मात्र आळसाने आणि शरमेने राहिलं. दहा मिनिटांचा प्रसंग मनाला लावून घेतला आणि पुढचे तीन महिने बघितलेच नाहीत. तूही आता तेच करते आहेस, म्हणून मला राग येतोय.

नोकरी सोडून मी इथे परतलो त्याची कारणं मी लोकांना घरची सांगितली. आईचं आजारपण होतं, तेही खरंच होतं. पण राहायला हवं होतं. अजून चार-पाच प्रश्न तरी तडीला नेता आले असते.

तुला एमबीए करायचं असेल तर कर, त्यात कमीपणा नाही. पण ‘तिथे काही होत नाही’ हे कारण देऊन करू नकोस. ते कारण मी वापरून झिजवलेलं आहे.

रविवारी ये. तू गॅलरीत होतीस त्या तारखेची कार्यसूची लोकसभेच्या संकेतस्थळावर आहे, ती छापून आण. त्या दिवसाचा शब्दशः वृत्तांतही आण, कितीही पानं होवोत. माझ्यासाठी जरा मोठ्या अक्षरात काढ. आपण अकरा वाजल्यापासून सुरू करू. तू जिथे उठून गेलीस तिथे पेन्सिलीने रेघ मारू आणि रेघेच्या खालचं वाचू, उठेपर्यंत. ‘पटलावर ठेवण्यात येईल’ असं जिथे जिथे येईल तिथे तारीख टाकून ठेव, तिच्यापुढे तीन महिने मोजायचे आहेत. काकू म्हणते, ह्या खेपेला सेव-उसळ गरम असतानाच खायची.

तुझा,
काका