विचारा की! : पोरांना पहिल्यांदाच बर्फावर नेताना

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही राजारामपुरीत राहतो. नाताळच्या सुट्टीत शिमल्याला जायचं ठरलंय, निजामुद्दीनच्या गाडीनं दिल्ली आणि पुढं कालक्याहून ती छोटी गाडी, तिकिटंपण काढून झाली. आता आमच्या थोरल्याला कुठूनतरी कळलंय की तिथं बर्फावर स्केटिंग करता येतं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. तो 7 वर्षांचा आहे, दोन वर्षं चार चाकांच्या स्केट्सच्या क्लासला जातोय, त्यामुळं त्याला वाटतंय आपल्याला येणारच. धाकटी 4 वर्षांची, तिनं स्केट्स कधी पायात घातलेले नाहीत. सासूबाई म्हणतात बर्फ म्हणजे रंकाळ्यावरचा गोळा तेवढाच बरा, हातपाय मोडून आणाल पोरांचे. आम्हा दोघांनाही काही येत नाही. न्यावं का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : न्या की! फक्त पोराला आत्तापासून शब्द देऊ नका. शिमल्याची रिंक 1920 पासूनची, उघड्यावरची, आणि तिथं पाणी सोडून रात्रीच्या थंडीवर बर्फ जमवायची जुनी पद्धत. आभाळ आलं, पाऊस किंवा हिमवर्षाव झाला की सेशन रद्द. ऊन चढायच्या आत सकाळी आणि मग थेट संध्याकाळी, असंच खेळायला मिळतं. म्हणून मुक्काम दोन-तीन रात्रींचा ठेवा आणि पोचल्याबरोबर पहिल्या सकाळीच चौकशी करा, लहान मापाचे स्केट्स भाड्यानं मिळतील का तेपण तेव्हाच विचारा.

आता थोरल्याचं. खरं सांगू, मला धाकटीपेक्षा त्याचीच काळजी वाटते. बॅलन्स त्याला येतो, गुडघे वाकवायची सवय आहे, हे सगळं कामाला येणार, पण चार चाकांच्या स्केट्सना पुढं रबरी ब्रेक असतो आणि थांबायचं म्हटलं की पोरं चवडा टेकवतात. बर्फावरच्या फिगर स्केट्सच्या पात्याला बरोबर त्याच जागी करवतीसारखे दात असतात, ते काही ब्रेक नव्हेत, सवयीनं चवडा टेकवला की दात बर्फात रुततात आणि पोरगं सरळ तोंडावर. त्याला घरातूनच बजावून न्या की पुढचं टोक टेकवायचं नाही. थांबायचं कसं, तर गुडघे वाकवायचे, पायांची पुढची टोकं जरा आत वळवायची आणि टाचा बाहेर ढकलायच्या, पात्यानं बर्फ खरवडला जातो आणि वेग मरतो.

धाकटीला आधी पडायला शिकवा. हसू नका, आपल्या तालमीत तरी पोराला पहिल्या दिवशी डाव कुठं शिकवतात? घरात गादी टाका. पडणार असं वाटलं की खाली बसल्यासारखं व्हायचं आणि कुशीवर, ढुंगणावर पडायचं, हात पुढं टेकायचे नाहीत कारण मनगट तिथंच मोडतं. पडल्यावर लगेच मुठी आवळायच्या, मागनं कुणाचं तरी पातं बोटांवरनं जाऊ शकतं. मग रांगताना होतो तसं चार पायांवर, एक पाऊल पुढं रोवायचं, त्या गुडघ्यावर दोन्ही हात, आणि वर. गादीवर दहा वेळा केलं की पोरांना तो खेळच वाटतो.

मी माझ्या मुलाला पहिल्यांदा एका मॉलमधल्या रिंकवर नेलं तेव्हा मागनं त्याचे दोन्ही हात वर धरून त्याला ओढत होते, आपण सगळ्या आया करतो तेच. त्याचे पाय पुढं सटकायचे आणि तो माझ्या हाताला नुसता लोंबकळायचा, शेवटी मीच घसरले आणि त्याच्या अंगावर. त्याला काही झालं नाही, माझं कोपर महिनाभर दुखत होतं. तेव्हा तुम्हा दोघांना येत नसेल तर एकानं कठड्याबाहेर थांबा आणि धाकटीला सरळ तिथल्या शिकवणाऱ्याच्या हवाली करा. तिला घसरायला सांगूच नका, पाय उचलून बदकासारखं चाल म्हणायचं, चार पावलं चालली की आपोआप थोडं घसरतंच.

कपड्यांत एक चूक हमखास होते, थंडी म्हणून दोन-दोन लोकरी मोजे. त्यानं पाय बुटात हलतो आणि घोटा आत मुडपतो. एकच पातळ पण लांब मोजा घाला, टाच आत उचलली जाता कामा नये, लेस बोटांकडं जरा सैल आणि घोट्याशी घट्ट. हातमोजे हवेतच. थोरल्याचं हेल्मेट आणि नी-पॅड बॅगेत टाका, धाकटीला सायकलचं हेल्मेट चालतं. लांब मफलर, लोंबत्या ओढण्या नकोत.

पहिल्या दिवशी अर्धा तास बास. धाकटी ‘अजून एकदा’ म्हणत असतानाच बाहेर काढा, रडून बाहेर आली तर दुसऱ्या दिवशी बूटच घालू द्यायची नाही.

प्रश्न : मुलीला पुढं आईस स्केटिंग करायचंय, कोल्हापुरात बर्फ नाही. तोवर चार चाकांचे स्केट्स घ्यावेत का इनलाइन?
– एक बाबा, कळंबा

उत्तर : इनलाइन. चाकं एका ओळीत असल्यामुळं कडेवर झुकायची सवय लागते आणि बर्फावरचं पातंपण तसंच कडेवर चालतं. त्याला ब्रेक असलाच तर मागं टाचेला असतो, म्हणजे वरच्या थोरल्यासारखी चवड्याची भानगड नाही. मात्र ‘वाढत्या पायाचे’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका.