सेमी इंग्रजीचं गणित : आकडे येतात, वाक्य अडतं

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीपासून सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. गणित माझ्याकडे, मी स्वतः मराठी माध्यमातला. पोरं आकडेमोड बरोबर करतात, पण शाब्दिक उदाहरण आलं की थांबतात. काही जण घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलतात. मी तयारी कशी करावी?
– एक शिक्षक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : सर, पोरांचं गणित कच्चं नाही. ‘सब्ट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम ट्वेल्व्ह’ हेच बघा. मराठीत ‘12 मधून 7 वजा करा’ म्हणतो. आकडे कानावर पडतात त्याच क्रमाने मांडायचे. इंग्रजीत 7 आधी येतो, म्हणून पोरगं 7 − 12 मांडतं. ‘फाइव्ह लेस दॅन टेन’चंही तेच. नुसती लाल फुली मारून ही चूक जात नाही. फळ्यावर दोन्ही भाषांतली वाक्यं एकाखाली एक लिहा, सारखे आकडे बाणाने जोडा आणि तशी चार-पाच वाक्यं तोंडी सोडवून घ्या.

‘लेफ्ट’ म्हणजे डावा, एवढंच त्यांना ठाऊक असतं. 12 क्विंटल कापसातला 7 क्विंटल विकला, ‘हाऊ मच इज लेफ्ट’ (किती उरला) म्हटलं की गाडी अडते. ‘टेबल’, ‘ऑड’, ‘व्हॉल्यूम’ हेही असेच दोन अर्थांचे शब्द.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की इंग्रजीच्या शिक्षकांसोबत अर्धा तास बसा. पुढच्या आठवड्याची उदाहरणं मोठ्याने वाचा. त्यातले सहा-सात शब्द आणि दोन वाक्यरचना निवडा. त्याहून जास्त घेतलं तर काहीच टिकत नाही. उच्चाराची धाकधूक असेल तर ती तिथेच मोडा.

वर्गात उदाहरण इंग्रजीत दोनदा वाचा. मग काय दिलंय, काय काढायचंय, हे जोडीजोडीने बोलू द्या, मराठीत किंवा गोरमाटीत. गोरमाटीला अजिबात रोखू नका. विचार तिथेच होतो. त्यानंतर आकृती, मांडणी, आणि शेवटी उत्तराचं एक पूर्ण इंग्रजी वाक्य. प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहा. ओळ न् ओळ मराठीत सांगून टाकण्याची सवय मात्र सोडाच, नाहीतर पोरं इंग्रजी ओळ वाचतच नाहीत, तुमच्या मराठीची वाट बघतात.

तपासताना रीत बरोबर असेल तर तिचे गुण द्या. भाषेची चूक बाजूला वेगळी नोंदवा.

आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, भाषणाऐवजी अशा एका उदाहरणाचा 15 मिनिटांचा पाठ मागा. एक दिवसाचं प्रशिक्षण वर्गात उतरत नाही, कारण तिथे पाठ घेऊन कोणी बघतच नाही.