सुरक्षा प्रतिनिधी म्हणून नाव लागले, पुढे काय?

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी फिटर आहे. हंगामात आमच्याकडे ७० च्या आसपास माणसे असतात. मागील हंगामात चालू रेच्यात (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात) अडकलेला कापूस काढताना एका सहकाऱ्याची दोन बोटे गेली. त्यानंतर युनियनने मला सुरक्षा प्रतिनिधी नेमले, परंतु मालक म्हणतात, "आता काही झाले तर जबाबदारी तुमची." हे खरे आहे काय? आणि हे काम शिकायचे कोठे?

उत्तर : खरे नाही. कामाची जागा सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य असून युनियनने कोणाचेही नाव दिल्याने ते दुसऱ्याच्या खांद्यावर जात नाही. धोका पाहणे, तो लेखी कळवणे आणि तो दूर होईपर्यंत पाठपुरावा करणे हे आपले काम आहे.

मात्र आपल्या अधिकाराचा आधार कोणता, हे आधी समजून घ्यावे. ब्रिटनमध्ये १९७८ पासून मान्यताप्राप्त युनियनने नेमलेल्या प्रतिनिधीला पाहणीचा आणि पगारी वेळेत प्रशिक्षण घेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचे पद खाणींत आढळते : १९५५ च्या खाण नियमांनुसार ५०० किंवा अधिक माणसांच्या खाणीत युनियनशी विचारविनिमय करून कामगारांच्या वतीने खाण तपासणारा कामगार निरीक्षक नेमला जातो. वणीकडच्या कोळसा खाणीत आपले कोणी नातेवाईक असतील, तर तेथील कामगार निरीक्षकाची तपासणीची वही एकदा अवश्य पाहावी. कारखान्यांत मात्र हा मार्ग सुरक्षा समितीतून जातो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी अशी समिती आली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम २२ नुसार शासन आदेशाने समिती स्थापन करण्यास सांगू शकते, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत. आपल्याकडे समिती नसली तरी कलम १४ प्रत्येक कामगाराला लागू आहे : सुरक्षेची माहिती मागणे, त्रुटी मालकाला कळवणे, समाधान न झाल्यास शासकीय निरीक्षकाकडे जाणे आणि गंभीर इजेची किंवा मृत्यूची तातडीची भीती असल्यास दोघांनाही एकाच वेळी सांगणे. आपले पद युनियनचे असले, तरी आपण या कलमाच्या बळावर बोलावे.

प्रशिक्षणाशिवाय हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण हौशी प्रतिनिधी ओरड पुष्कळ करतो आणि नेमका धोका त्याच्या नजरेतून सुटतो. कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ (आताचे दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ) १९५८ पासून काम करते आणि त्याचे कार्यालय नागपुरात आहे. युनियनने तेथे पत्र द्यावे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर कार्यालयातही विचारणा करावी. शिकण्यासारख्या गोष्टी आपल्या कामातूनच ठरतात. रेच्यात हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करून कुलूप लावणे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणे, तसेच वीज गेल्यावरही पट्टा काही वेळ फिरत राहतो हे विसरू नये, ही पहिली शिकवण. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा रोलरवर ठिणगी पाडतो, आणि गाठीच्या पोटात शिरलेली आग बाहेरून विझलेली वाटली तरी आत धुमसत राहते. तंतूंची धूळ तर रोजचीच. तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि खोकला मात्र हंगामानंतरही राहतो.

एक वही ठेवावी. तारीख, यंत्र, धोका, कोणाला कळवले आणि काय झाले, एवढे पुरे. बोट थोडक्यात वाचले तर त्याचीही नोंद करावी, कारण पुढच्या वेळी ते वाचेलच असे नाही. रेच्यावर कापूस टाकणाऱ्या महिला आणि ठेकेदाराचे हमाल युनियनचे सभासद नसतील; तरीही त्यांना आवर्जून विचारावे, कारण यंत्राच्या सर्वांत जवळ तेच असतात.

मालकांना प्रशिक्षणाच्या दिवसांची पगारी रजा लेखी मागावी. दिवाळीनंतर रेचे सुरू झाले की फिटरला कोणी सोडत नाही, तेव्हा अर्ज त्यापूर्वीच द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.