पेशीबाह्य पुटिका, एक्झोसोम आणि यकृत

यकृताच्या आजारांवरील एका मराठी लेखात ‘पेशीबाह्य पुटिका’ आणि ‘एक्झोसोम’ हे शब्द आलटून पालटून आले आहेत. त्यांचा अर्थ एकच का, आणि ‘बाह्यपेशीय’ म्हटले तर चालेल का, अशी विचारणा झाली आहे.

अर्थ एक नाही. पेशीने बाहेर सोडलेली, मेदाच्या दुपदरी आवरणात प्रथिने आणि आरएनए बाळगणारी कोणतीही सूक्ष्म पिशवी ही पेशीबाह्य पुटिका होय. एक्झोसोम ही त्यातील एक पोटजात असून ती पेशीच्या आतील कप्प्यात घडते आणि साधारण 30 ते 150 नॅनोमीटरची असते. पेशीपटलाला फुगवटा येऊन सुटणाऱ्या पुटिका निराळ्या. रक्तातून मिळालेली पुटिका कोणत्या वाटेने आली हे केवळ आकारावरून ठरत नाही, त्यामुळे उगम सिद्ध झालेला नसेल तेथे व्यापक शब्दच वापरावा.

‘बाह्यपेशीय’ मला पटत नाही, कारण त्यातून बाहेरच्या थरातील पेशींचा बोध होऊ शकतो. ‘शाळाबाह्य’, ‘घटनाबाह्य’ या घडणीचा ‘पेशीबाह्य’ नि:संदिग्ध आहे. ‘पुटिका’ऐवजी ‘आशय’ही नको, यकृताला लागूनच पित्ताशय आहे!

त्या लेखात पुटिकांना लावलेले ‘टाकून दिलेल्या’ हे विशेषण मात्र अधिक खटकते. 1967 मध्ये संशोधक पीटर वुल्फ यांनी प्लेटलेटपासून सुटलेल्या कणांना ‘धूळ’ म्हटले होते, पण आज तो दृष्टिकोन अपुरा ठरतो. मेद साचून ताणाखाली आलेल्या यकृतपेशींच्या पुटिका भक्षकपेशींना दाहाकडे वळवतात आणि तारकापेशींना (यकृतातील ताऱ्याच्या आकाराच्या पेशींना) चेतवतात. चेतलेल्या तारकापेशी कोलॅजन निर्माण करू लागल्या की यकृतातील तंतुमयता, म्हणजे व्रणासारख्या कडक तंतूंचा साठा, वाढते. म्हणून ‘सोडलेल्या’ हे साधे विशेषण बरे.

उपचारांच्या परिच्छेदातही एक दुरुस्ती हवी. मूलपेशींपासून मिळवलेल्या पुटिकांमुळे उंदरांच्या यकृतातील तंतुमयता कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे, मात्र रुग्णांसाठी तो अद्याप रुळलेला उपचार नाही. लेखात त्यालाच ‘मूलपेशी उपचार’ म्हटले आहे, ते चुकीचे आहे: मूलपेशी शरीरात जाऊन विभाजन पावू शकते, पुटिका पावू शकत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने संशोधकांना पुटिकेचे आकर्षण वाटते त्याचे एक कारण हेच आहे. तेथे ‘मूलपेशीजन्य पुटिकांचा उपचार’ असे लिहावे.