घाट उतरायचाय, टायरमध्ये हवा किती ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी हॅचबॅक नुकतीच घेतली आहे. डिसेंबरच्या सुट्टीत बायको, दोन मुलं आणि आईला घेऊन कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे कोकणात उतरायचं आहे. पंपावरचा पोरगा म्हणतो ३५ ठेवा, पंक्चरवाले मामा म्हणतात ३० च्या वर गेलात तर टायर फुटेल, आणि मेहुणे नायट्रोजनच भरा म्हणून मागं लागलेत. हवा नक्की किती ठेवायची आणि निघण्याआधी आणखी काय बघायचं?

तिघांनाही जरा बाजूला ठेवा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, खालच्या अंगाला, एक स्टिकर असतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचा आकडा छापलेला असतो, आणि बऱ्याचदा दोन ओळी असतात: दोन-तीन माणसं बसली तर एक, गाडी भरलेली असेल तर दुसरी. भरलेल्या गाडीला मागच्या चाकांत जास्त हवा लागते. तुम्ही पाच जण आणि डिकी भरून सामान, म्हणजे दुसरी ओळ तुमची. माझ्या गाडीच्या स्टिकरवर एरवी चारही चाकांना ३३ आहे, भरल्या गाडीला मागं ३६. तुमचा आकडा वेगळा असेल. जुनी गाडी आहे म्हणता, तेव्हा स्टिकर कुणी खरवडून टाकलं असेल तर गाडीच्या पुस्तकात मिळेल. टायरच्या अंगावर ४४ किंवा ५१ असा आकडा दिसला तर तो भरू नका. तो टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठी सांगितलेली हवा नव्हे.

मी मेकॅनिक नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो, चोवीस वर्षं झाली. या धंद्यात एक खोड लागते, अंदाजानं सांगितलेल्या मापावर विश्वासच बसत नाही. टायरला लाथ मारून ‘ओके हाय’ म्हणणारे भरपूर बघितलेत. आताचे रेडियल टायर पाच-सात पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, वरचे आकडे त्यातलेच) कमी असले तरी डोळ्याला तसेच दिसतात, खाली थोडे बसल्यासारखे. लाथेला काय कळणार? तीन-चारशे रुपयांत हवा मोजायचं चांगलं गेज मिळतं. ते घ्या आणि डॅशबोर्डच्या खणात टाका.

आता मोजायचं कधी, यावर सगळा खेळ आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा एक-दोन किलोमीटरच्या वर चाललेली नाही. म्हणजे सकाळी, दारातच, उन्हं चाकावर यायच्या आधी. गाडी पळाली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि आकडा चार-पाचनं वर चढतो. हे होणारच, कंपनीनं ते धरूनच आकडा दिलेला असतो.

हे मला एका फटक्यात कळलं. मे महिना, पुण्याहून येत होतो. साताऱ्याच्या पुढं एका पंपावर चहाला थांबलो आणि हवा चेक करायला लावली. पोरगा म्हणाला, ‘काका, ३८ झालीय, फुटायची की,’ आणि चारही चाकांतून फुस्स करून ३२ वर आणली. मीही खूश, वर दहा रुपये दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सहज गेज लावलं तर २७. म्हणजे टायर फुटू नये म्हणून मी पुढचे शंभर-सव्वाशे किलोमीटर कमी हवेवर, मे महिन्याच्या डांबरावर, ऐंशी-नव्वदच्या वेगानं आलो होतो. टायर फुटण्याची तयारी याच्याहून चांगली करता येत नाही.

कारण असं, आणि पंक्चरवाल्या मामांना हे पटवून देणं कठीण आहे: टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असते म्हणून. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, दबते आणि सुटते. सायकलच्या स्पोकची तार तोडायची तर आपण काय करतो? एकाच जागी मागं-पुढं वाकवत राहतो, ती तापते आणि तुटते. टायरच्या आत धागे असतात, तिथं तसंच होतं. रबर तापतं, थर सुटतात आणि मग भडाका. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी’ हा सल्ला आपल्याकडं घरोघरी आहे, आणि तो बरोबर उलटा आहे. थंडीतली गंमत वेगळी. तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय हवा आपोआप कमी दिसते. दुपारी ऑफिसबाहेर उन्हात उभ्या गाडीची हवा बरोबर भरली असेल तर डिसेंबरच्या पहाटे ती कमीच भरणार.

तुमची अडचण मी ओळखतो, घरी कॉम्प्रेसर नाही. दीड-दोन हजारांत गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो परवडत असेल तर घ्या. नाहीतर एक युक्ती सांगतो. सकाळी घरी थंड टायर मोजा. समजा २८ आली आणि हवी आहे ३३, म्हणजे ५ कमी. कागदावर प्रत्येक चाकापुढं ‘किती कमी’ तेवढंच लिहा. पंपावर पोचेपर्यंत टायर कोमट होऊन तुमचं गेज ३० दाखवेल. तिथं ३० अधिक ५, म्हणजे ३५ भरून घ्या. पोरगा म्हणेल ‘आत्ता तर ३३ म्हणालात’. म्हणू दे. आणि तिथल्या मीटरवर भिस्त ठेवू नका, ते मीटर दिवसभर आपटत असतं. आपलं गेज लावूनच खात्री करा.

गेज लावायची पद्धतही सांगतो, कारण पहिल्यांदा सगळेच चुकतात. व्हॉल्व्हचं टोपण काढा आणि खिशात टाका, जमिनीवर ठेवलं की ते हरवलंच. गेज तिरकं न धरता सरळ, एका दमात दाबा. फुसफुस ऐकू येत राहिली तर नीट बसलेलं नाही आणि आकडा खोटा येतो. दोनदा मोजा, दोन्ही वेळा एकच आला तर खरा. मग बोटाला थोडी थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवा आणि दहा सेकंद बघत राहा. बुडबुडा फुगला तर आतली पिन गळते आहे, ती बदलायला पंक्चरवाल्याला दोन मिनिटं लागतात. टोपण परत घट्ट लावा. आपल्याकडच्या धुळीपासून पिनेला तेवढाच आडोसा.

मेहुण्यांच्या नायट्रोजनबद्दल: आपण श्वास घेतो त्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. निव्वळ नायट्रोजन थोडा हळू गळतो आणि त्यात ओलावा नसतो, एवढं खरं. फुकट मिळत असेल तर जरूर घ्या. पण नायट्रोजन भरला म्हणून दर महिन्याला मोजायचं सोडू नका, आणि वाटेत हवा कमी झाली तर साधी हवा बिनधास्त भरा, दोन्ही एकमेकांत मिसळली तर काही बिघडत नाही. मेहुण्यांना दुखवू नका, एवढंच.

जुनी गाडी म्हणालात म्हणून हवेच्याही आधी टायरच बघा. विकणारा टायरला काळं पॉलिश मारून देतो, त्याखाली भेगा लपतात. साबणाच्या पाण्यानं धुवा आणि बाजूचं रबर अंगठ्यानं दाबून बघा. बारीक जाळं दिसलं किंवा कुठं फुगवटा लागला तर त्या टायरवर घाट उतरू नका. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३५१९ असेल तर तो २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पाच-सहा वर्षांच्या पुढं गेलेला टायर नक्षी शाबूत असली तरी जाणकाराला दाखवा. स्टेपनीचेही आकडे वाचा, ती कधीकधी गाडीच्या वयाचीच असते.

नक्षीची खोली कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर हवी. मी व्हर्नियरच्या (बारीक मापं घ्यायच्या सरकपट्टीच्या) मागच्या दांडीनं मोजतो. तुमच्याकडं व्हर्नियर नसेल तर खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात ते बघा. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. झीज कशी झाली तेही वाचता येतं. दोन्ही कडा झिजल्यात तर आधीचा मालक कमी हवेवर गाडी पळवत होता. मधला पट्टा झिजलाय तर हवा जास्त असायची. एकच कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

स्टेपनीचा विषय निघालाच आहे तर ऐका. गगनबावड्याच्या रस्त्यावर कळ्याच्या पुढं एकदा पंक्चर झालो. स्टेपनी काढली तर तिच्यात १४ पीएसआय. ते सोडा, चाकाचे नटच सुटेनात. मागच्या सर्व्हिसिंगला मशीननं आवळलेले, गाडीसोबतचा पाना छोटा. पान्यावर उभा राहून उड्या मारल्या, बायको गाडीत बसून हसत होती. शेवटी एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्यानं पाइप दिला, तो पान्यात घालून लांब दांडी केली तेव्हा सुटले. तेव्हापासून दोन फुटांचा पाइपचा तुकडा कायम डिकीत असतो. तुम्ही घरीच एकदा सगळे नट स्वतः सोडून परत आवळून बघा, समोरासमोरचे नट आळीपाळीनं. जॅक लावायची खाच कुठं आहे तेही हातानं चाचपून ठेवा. उतारावर मात्र जॅक लावू नका, टायर वाया गेला तरी चालेल, हळूहळू सपाट जागेवर या. आणि तुमच्या गाडीत स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चर किट असेल तर त्यातल्या औषधाची तारीख बघा.

बाकी तयारीत मी ब्रेकला सगळ्यात वर ठेवतो. ब्रेक ऑइल ओलावा धरतं, जुनं झालं की घाटात तापून उकळतं आणि पेडल एकदम पोकळ लागतं. मागच्या दोन वर्षांत बदलल्याची नोंद नसेल तर निघण्याआधी बदला, पॅडही बघायला सांगा. गगनबावड्यानंतर करूळ घाट असो वा भुईबावडा घाट, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, लागलं तर पहिल्यात, आणि ब्रेकवर पाय सतत दाबून ठेवू नका. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे भेटतील. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जातच नाही, न्यूट्रलला मात्र जातं. म्हणजे पेट्रोलही वाचत नाही आणि गाडीही हातात राहत नाही. कुठला घाट चालू आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

इंजिन ऑइल, कूलंट, वायपर, हे पाच मिनिटांचं काम आहे. कूलंटचं झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही. समोरची काच मात्र आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात, आतला चिकट थर समोरून हेडलाइट आला की पांढरा पडदा होतो. आणि डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. फुलेवाडी, बालिंगा सोडलं की कारखान्यांना जाणाऱ्या ट्रॉल्या लागतात, पुष्कळांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या वाड्याखाली, म्हणजे लोंबत्या पानांखाली झाकलेला. अंधारात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून पहाटे चारला निघायचा बेत असेल तर तो सातवर ढकला. त्यानं घाटही उजेडात मिळेल.

ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका, ती घरंगळून ब्रेकखाली जाते. आईला मागच्या सीटवर बेल्ट लावायला सांगा, नको म्हणतील तरी.

कोकणात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा गेज लावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळं खाली उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढून गेज एखादा पीएसआय कमी दाखवायला हवं, पण तिथल्या उबेनं ते परत भरून निघतं. चारही चाकं सारखीच थोडी वर-खाली असतील तर हात लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तीन-चारनं खाली असेल तर त्यात खिळा आहे असं समजा आणि न्याहारीच्या आधी पंक्चरवाला गाठा.